हॅचरीचा खुंटा

नातेवाइकांत त्यांना खुंटा म्हणत. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण अशा नावांना पाय असतात. ती आपल्या मालकापर्यंत बरोबर चालत येतात. हॅचरीतल्या कामगारांसाठी मात्र ते काका होते. कुणाचं लग्न निघालं, कुणी दवाखान्यात पडलं, कुणी नवं घर बांधलं आणि बोलावणं आलं, की काकांचं उत्तर ठरलेलं असे, "यायला काय झालं, पण मी आलो तर जनरेटर कोण सुरू करणार?" सुरुवातीला लोक आग्रह करून बघत. मग आग्रह गेला, नुसतं बोलावणं उरलं. पुढे तेही यायचं थांबलं.

उत्तर खोटं नव्हतं. हॅचरी म्हणजे अंडी यंत्रात उबवून पिल्लं काढायचा कारखाना. माणूस आत उभा राहील एवढी मोठी कपाटं, त्यांत अंड्यांचे ट्रे, वर पंखे. लोकांना वाटतं, वीज गेली की अंडी गार पडत असतील. कोवळी असतात ती पडतात. पण पिल्लू बाहेर यायला झालेलं असतं तेव्हा उलटं होतं. प्रत्येक अंड्यात एक इवलीशी शेगडी पेटलेली असते. अशा हजारो शेगड्या बंद कपाटात, आणि पंखा थांबलेला. निवांत चहा पिऊन होईपर्यंत आतली पिल्लं गुदमरायला लागतात. शिवाय हॅचरी कधी रिकामी नसते. एक खेप निघाली की दुसरी तयार असते. त्यामुळे वीज गेली आणि काका हातातला घास टाकून धावले, हे दृश्य तिथं सगळ्यांच्या सवयीचं होतं.

काकांची खोली जनरेटरच्या शेडला लागून होती. मधली भिंत एकच. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीत रेडिओ आणि दाराशी कायम सरळ करून ठेवलेल्या चपला, पाय घातला की पळता यावं अशा. शेडमध्ये गेलं की बॅटरीचा लाल दांडा उभा करायचा, किल्ली फिरवायची, इंजिनाचा आवाज एका लयीत येईपर्यंत थांबायचं आणि मग भिंतीवरचा चेंजओव्हरचा मोठा हँडल खाली ओढायचा, की हॅचरी जनरेटरच्या विजेवर. वीज आली की सगळं उलट्या क्रमानं. हँडल वर, इंजिन बंद, आणि सगळ्यात शेवटी बॅटरीचा दांडा आडवा. "मशीन निजलं की बॅटरीही निजली पाहिजे," असं ते नव्या कामगारांना सांगत. बॅटरी जोडलेली राहिली की कुठूनतरी थेंब थेंब झिरपते, आणि नेमकी गरज पडली की इंजिन नुसतं टकटक करून गप्प बसतं. हे त्यांनी ऐन तारुण्यात एकदा भोगलं होतं. तेव्हापासून तो दांडा आडवा करायला डोकं लागत नसे. हातच करून टाकी.

बायको त्यांच्याबरोबर त्या खोलीत थोडीच वर्षं राहिली. आजारानं गेली तेव्हा मुलगी शाळेत जायच्या वयाची झाली होती. जवळपास शाळा नव्हती, घरात बाईमाणूस नव्हतं, म्हणून मुलीच्या मावशीनं तिला शहरात नेलं. "दर महिन्याला येईन," असं काका म्हणाले होते. पहिल्या महिन्याला गेले. नंतर कधी वीज आडवी आली, कधी पिल्लं. मुलीच्या लग्नाला सकाळी पोचले आणि जेवणाच्या पंगती उठायच्या आत परतीच्या गाडीत बसले. नात झाली तेव्हा दवाखान्यात जाऊन बाळाचं बोट धरलं, लेकीला "जप" म्हणाले आणि निघाले. लेक "राहा" म्हणायची. एका वर्षी तिनं ते म्हणायचं सोडलं, आणि कोणत्या वर्षी सोडलं हे काकांच्या लक्षात आलं नाही.

थोरले मालक थकल्यावर कारभार त्यांच्या मुलीकडे आला. तिला सगळे बाई म्हणत. एकदा वीज गेल्यावर ओल्या फरशीवरून धावताना काका घसरले आणि कोपरावर पडले. पडल्या पडल्या उठून त्यांनी जनरेटर सुरू केला, मग कोपराकडे बघितलं. बाईंनी ते ऑफिसच्या काचेतून पाहिलं होतं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी एका फिटरला बोलावणं धाडलं.

"काका, जनरेटरला ऑटो मोड्यूल बसवतोय," बाई म्हणाल्या. "वीज गेली की आपोआप सुरू, आली की आपोआप बंद. तुम्ही आहातच. पण तुम्ही धावायचं नाही."

"मी कुठं म्हटलं धावता येत नाही?"

"तुम्ही नाही म्हटलं. फरशी म्हणाली."

फिटर गोलसर, बोलघेवडा माणूस होता. त्यानं पॅनेलच्या दाराला चौकोनी भोक पाडलं, कानस मारून कडा साफ केल्या आणि त्यात एक काळा डबा बसवला. तळहाताहून जरा मोठा. समोर एक पडदा, खाली बटणं. डब्याच्या पाठीतून निघालेल्या वायरींचा झुबका तो एकेक करून लावत होता, आणि प्रत्येक वायरीबरोबर बोलत होता.

"काका, या तीन वायरी विजेची नाडी बघणार. नाडी लागली नाही की डबा जरा थांबतो."

"थांबतो कशाला?"

"वीज कधी कधी नुसता डोळा मारते आणि परत येते. दर वेळी इंजिनाला उठवलं तर ते वैतागेल. खरंच गेली असं दिसलं की स्टार्टर मारणार. नाही उठलं, थोडं थांबून पुन्हा. तीनदा करून बघतो. तरी नाही उठलं तर भोंगा."

"आणि मग?"

"मग तुम्ही."

काकांना ते बरं वाटलं. त्यांनी स्टोव्हवर चहा टाकला.

भिंतीवरच्या हँडलच्या जागी फिटरनं दोन मोठे कॉन्टॅक्टर, म्हणजे आपोआप लागणारे-सुटणारे स्विच, बसवले, एक बाहेरच्या विजेचा, एक जनरेटरचा. त्यांच्यामध्ये एक अडसर होता. एक आत गेला की दुसरा आत जाऊच शकत नाही. "एका म्यानात दोन तलवारी नकोत," फिटर म्हणाला. "नाहीतर आपली वीज उलटी बाहेरच्या तारांत जाते, आणि खांबावर चढलेला माणूस फुकट मरतो." मग चहाचा घोट घेऊन म्हणाला, "आमची आई पण ऑटोवर आहे. मी उंबरठ्यात पाय टाकला की सुरू. स्टॉपचं बटण लहानपणापासून शोधतोय."

"मग रोज ऐकायला मिळतं की."

"मिळतं कुठलं. महिन्यातले निम्मे दिवस मी असा दुसऱ्याच्या शेडमध्ये. तिकडे ती भिंतीशी बोलते."

फिटरनं काम संपवून मेन स्विच पाडला. पंखे थांबले, हॅचरी एकदम गप्प झाली, आणि काकांचे पाय आपोआप उचलले गेले. फिटरनं आडवा हात धरला. "हात खिशात घाला, काका." दोघं उभे राहिले. इंजिन खाकरलं, उठलं, लयीत आलं. कॉन्टॅक्टर खाडकन आत गेला आणि पंखे फिरू लागले. मेन स्विच वर केल्यावर सगळं जागेवर गेलं. इंजिन थोडा वेळ रिकामं फिरून, निवून, आपलं आपण थांबलं. आणि काकांचा हात बॅटरीच्या दांड्याकडे गेला.

"नको नको," फिटर म्हणाला. "हा दांडा आता विसरायचा. कायम उभा. बॅटरी तोडलीत तर डबा मेला. चुकून आडवा केलातच, तर परत उभा केल्यावर डबा स्टॉपवर जागा होतो. ऑटोचं बटण दाबावं लागतं. टेप मारून ठेवू का दांड्याला?"

"टेप कशाला? मी काय बालवाडीत आहे?"

फिटर हसला, टेपची गुंडाळी पिशवीत टाकली आणि गेला. त्याचं बोलणं थांबल्यावर शेडमध्ये किती शांत असतं, हे काकांना नव्यानं कळलं.

पुढचे दिवस विचित्र गेले. वीज जाई, काका चपलांत पाय घालीत, आणि दारापर्यंत पोचायच्या आत भिंतीपलीकडून इंजिनाचा आवाज येई. ते तरीही जात. डब्यासमोर उभे राहत, पडद्यावरचे आकडे बघत, आणि परत येत. पूर्वी धावताना वाटेतले कामगार "काका, सांभाळून" असं ओरडत. आता वीज गेली आणि आली तरी कुणी मान वर करत नसे. बाई एकदा म्हणाल्या, "आता जा ना लेकीकडे. राहून या आठवडाभर. वॉचमन आहे, मी आहे, डबा आहे."

"जाईन की," काका म्हणाले.

पण जाणार कसे? इतकी वर्षं बोलावणं येत होतं आणि जाता येत नव्हतं. आता जाता येत होतं, आणि बोलावणं कुठं होतं? खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी आठवून बघितलं, की आपण कुणाकडे गेलो तर दार उघडणाऱ्याला आनंद होईल. बरीच नावं आठवली. त्यातली काही माणसं आता राहिली नव्हती. उरलेल्यांच्या घरी काय सांगून जायचं, हेच सुचेना.

रविवारी लेकीला फोन करायची पद्धत होती. काकांनी ठरवून विषय काढला. "इथं ऑटो बसवलंय. जनरेटरला. आता मी नसलो तरी चालतं."

"बरं झालं," लेक म्हणाली. "तुमची धावपळ वाचेल."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"कुठं जायचं असेल तर जाता येतं आता," ते म्हणाले.

"हो ना. चांगलंच आहे."

"हं."

"बरं, ठेवू?"

पुढच्या रविवारीही त्यांनी खडा टाकून बघितला. बाई सुट्टी घ्या म्हणतात, असं सांगितलं. लेक म्हणाली, घ्या ना, जरा विश्रांती होईल. त्याच्या पुढच्या रविवारी काकांनी खोलीचं दार लावून घेतलं, जणू कुणी ऐकेल, आणि म्हणाले, "मी येऊ का तुझ्याकडे?"

भांड्यांचा आवाज थांबला. "काय झालंय? तब्येत बरी आहे ना?"

"तब्येत ठणठणीत. असंच. राहायला."

"राहायला?" जरा वेळानं ती म्हणाली, "या की." फ्रिज दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाला वेळ द्यावी तसा तो आवाज होता, पण काकांनी तेवढ्यावर पिशवी भरली.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी जनरेटर एकदा हातानं चालवून बघितला. पाणी, तेल, डिझेल, सगळं ठीक. डबा पुन्हा ऑटोवर टाकला. इंजिन फडक्यानं पुसलं, फडकं खिळ्याला अडकवलं, वॉचमनला चार गोष्टी सांगितल्या. त्यातल्या तीन त्याला माहीत होत्या. मग ते गाडी पकडायला निघाले.

लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, नीटनेटक्या. दार जावयानं उघडलं, वाकून पिशवी घेतली. नात जमिनीवर चित्राचे तुकडे जोडत बसली होती. तिनं मान वर करून "हॅचरीवाले आजोबा आले" असं आत सांगितलं आणि पुन्हा तुकड्यांकडे वळली. लेक बाहेर आली, पाया पडली. चहा आणला. कपात एक चमचा साखर आणि बशीत वेगळी साखर होती. किती घालायची ते तिला माहीत नव्हतं.

काका खुर्चीत बसले. हात मांडीवर ठेवले, मग खुर्चीच्या दांड्यांवर, मग पुन्हा मांडीवर. जावई हवेबद्दल बोलला, गाडीच्या गर्दीबद्दल बोलला. मग बोलण्यासारखं संपलं. लेक कोपऱ्यात टेबलावर नातीचा शाळेचा गणवेश इस्त्री करत होती. शेवटची घडी घालून तिनं बटण बंद केलं, आणि पाठोपाठ पिनही उपटून वायर गुंडाळली.

"बटण बंद केलंस ना? मग पिन कशाला काढलीस?" काही बोलायचं म्हणून काकांनी विचारलं.

"हाताची सवय. बंद झालं की तोडून टाकायचं. मावशी म्हणायची, अगदी बापावर गेलीये."

काका हसायला गेले, आणि हसू अर्ध्यात राहिलं. सकाळी फडकं खिळ्याला अडकवलं. मग? मग दाराकडे वळता वळता डावा हात खाली गेला होता. दांडा आडवा पडतानाचा तो छोटासा खट आवाज त्यांना आता, या तिसऱ्या मजल्यावर, स्पष्ट ऐकू आला. पाठ वळलेली होती, म्हणून पडदा विझलेला दिसला नाही. डबा मेलेला होता. आणि कपाटांत उद्या पिल्लं निघायची खेप भरलेली होती. तिकडची वीज संध्याकाळी हमखास जाते. बाहेर उन्हं उतरत होती.

ते उभे राहिले. "मला निघायला हवं. जनरेटरचं एक राहिलं."

लेकीच्या चेहऱ्यावर आश्चर्य आलं असतं तर बरं झालं असतं. ते आलं नाही. "गाडीची वेळ बघू?" तिनं विचारलं, आणि पिशवी उचलून दाराशी ठेवली. पिशवी उघडलेलीच नव्हती. काकांचं लक्ष आतल्या खोलीकडे गेलं. तिथं त्यांच्यासाठी गादी घातलेली नव्हती, काढूनही ठेवलेली नव्हती.

जावई म्हणाला, "फोन करून नाही का होणार?"

"वॉचमनला कळायचं नाही त्यातलं."

"त्यातलं म्हणजे काय आहे?"

काकांनी सांगितलं. एक दांडा उभा करायचा, एक बटण दाबायचं. सांगताना त्यांनाच ते फार छोटं वाटलं.

लेक दाराशीच उभी होती. ती चिडलेली नव्हती. हिशेब विचारावा तशा सुरात तिनं विचारलं, "बाबा, खरं सांगा. तुम्ही गेल्याशिवाय होणार नाही असं आहे, की होईल असं आहे?"

काकांना "होणार नाही" म्हणायचं होतं. शब्द जिभेवर तयार होता, वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेला. चपला दाराशी होत्या, पिशवी दाराशी होती, गाड्या भरपूर होत्या.

"होईल," ते म्हणाले, आणि फोन काढला.

"काका? पोचलात?" वॉचमनचा आवाज मोठा होता, सगळ्या घराला ऐकू येत होता. "लाल दांडा? इथं दोन लाल आहेत. एक तर आग विझवायचा दिसतोय."

"त्याला हात लावू नकोस. बॅटरीच्या वर, भिंतीकडच्या अंगाला. आडवा आहे का?"

"आडवा आहे."

"उभा कर."

"केला. अरे, पडदा पेटला. इंग्रजीत काहीतरी आलंय. वाचू?"

"वाचू नकोस. खाली बटणं आहेत. ऑटोचं सांगून ठेवलं होतं, ते दाब. वर हिरवा दिवा लागला?"

"थांबा… लागला."

"आता मेन स्विच खाली पाड."

"मुद्दाम पाडू? बाई ओरडतील."

"मी सांगतोय ना. पाड, आणि फोन तसाच धर."

खट आवाज आला आणि फोनमधली घरघर बंद झाली. जावई जवळ येऊन उभा राहिला. नातीनंही हातातला तुकडा तसाच धरला. मग लांबून, विहिरीच्या तळातून यावं तसं, इंजिन खाकरलं आणि उठलं. आजवर हा आवाज काकांनी कायम तीन हातांवरून ऐकला होता, अंगाला धडधड जाणवेल इतक्या जवळून. आता तो मुठीत मावत होता. पंखे सुरू झालेले ऐकू आले.

"झालं, काका," वॉचमन म्हणाला. "एवढंच ना? एवढ्यासाठी यायला निघाला होतात की काय?"

"नाही. स्विच वर कर आणि बाईंना सांग, मी पाडायला लावला होता."

फोन ठेवल्यावर जावई "मी जरा भाजी घेऊन येतो" म्हणून नातीला घेऊन खाली गेला. पिशवी दाराशी तशीच होती. लेकीनं ती उचलली नाही. काकांनीच ती उचलून खुर्चीशेजारी आणली, आत टॉवेल होता तो बाहेर काढला, आणि कुठं टाकायचा ते न कळून मांडीवर ठेवला.

लेक घडी केलेला गणवेश पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालत होती.

"तुझं ऑफिस कसं चाललंय?" काकांनी विचारलं.

"कुठलं ऑफिस? ते मी सोडलं, बाबा. मागच्याच्या मागच्या वर्षी. आता घरूनच थोडं काम करते."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं. फोनवर."

"मग मी काय म्हणालो?"

"बरं म्हणालात."

काकांनी टॉवेलची घडी सरळ केली. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागत होता. त्यांना वाटलं, आता ही उठून स्वयंपाकघरात जाईल. ती गेली नाही, पण बसलीही नाही.

"का सोडलंस?" ते म्हणाले. "परत सांग. मला वेळ आहे."

लेकीनं त्यांच्याकडे बघितलं, आणि मग दाराकडे, तिथल्या चपलांकडे. "मोठी गोष्ट आहे," ती म्हणाली.

"असू दे."

तिनं खुर्ची ओढली. जवळ नाही, टेबलाच्या पलीकडे. आणि गणवेशाच्या घडीवर हात फिरवत, त्यांच्याकडे न बघता, ती सांगू लागली.